शेजारची सीट

अहो,

मी गाडी घेतली! जुनी, पण स्पोर्ट्‌स कार. लालभडक, दोनच सीटची. बजेट माझ्या शिवणकामातलं, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघितली. विकणाऱ्याने आधीच इंजिन तापवून ठेवलं होतं. मी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हटलं, "थंड होऊ द्या, मी बसते." थंड इंजिन खडखडलं, तसा भाव झरकन उतरला. दुरुस्तीसुद्धा त्यातच भागली.

"तुझ्या हातात खेळण्यातली गाडीही देणार नाही," म्हणायचात ना? तुम्ही दुसरीकडे संसार थाटलात, पण तुमच्या आई माझ्याकडेच राहिल्या. आता शेजारी त्याच बसतात. काल पट्टा आवळून म्हणाल्या, "अगं, दाब की जरा!"

तुमच्या आईंची ड्रायव्हर

ता.क. हे पत्र टाकायलाच आम्ही दोघी निघालो होतो. आई म्हणाल्या, "पोस्ट राहू दे, हायवे धर."