पप्पांची सही आणि मॅथ्सचा पेपर

सांगली, १७ जानेवारी २०२५

ती. अंजनाआत्यास, भाची उत्कर्षाचा सा. न.

होस्टेलात मोबाइल बंद, म्हणून पत्र. बारावीच्या प्रिलिममध्ये मॅथ्सला ऐंशीपैकी नऊ पडले. खोलीत इंटिग्रेशन सुटतं. पेपर हातात आला की आकडे हलायला लागतात. आणि आत्या, गुणपत्रिकेवर पप्पांची सही मीच ठोकली. ते लांब परगावी ड्यूटीवर, आईला सांगायची छाती झाली नाही. बोर्डाचा पेपर मी देणार नाही. पोटात दुखतंय म्हणून सांगेन. कुणाला बोलू नकोस.

माया असू दे.
तुझी उत्कर्षा

सातारा, २२ जानेवारी

चि. उत्कर्षास आत्याचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र मशीनवर बसूनच वाचलं आणि गणवेशाची बाही उलटी जोडली. बाय माझे, मी बारावीला मॅथ्समध्ये नापास झाले, एवढंच तुझ्या पप्पाला ठाऊक हाय. खरं आज तुला सांगते. मी कोरा पेपर दिला. नंबर टाकला आणि तीन तास भिंतीकडं बघत बसले. उत्तरं येत हुती गं! परत परीक्षेला बसायची हिंमत झाली न्हाई. तवा ही भीती मला लय ओळखीची हाय.

सहीचं दादाला तूच सांग, मी सांगणार न्हाई. शेजारच्या शिवांजलीचं पुस्तक मागून इंटिग्रेशनचं एक गणित सोडवलंय: एक्स गुणिले ईचा एक्स घात, शून्य ते एक. उत्तर शून्य आलं. तपासून कळव.

जेवत जा. लोभ हायच.
तुझी आत्या

सांगली, ३० जानेवारी

ती. आत्यास सा. न.

उत्तर चुकलं! खाली शून्य ठेवलं म्हणून सगळंच शून्य होत नाही. ईचा शून्य घात एक असतो. उत्तर एक येतं. रेघ सगळी अक्षाच्या वर, मग क्षेत्रफळ शून्य कसं येईल गं?

रेक्टर बाईंच्या फोनवरून पप्पांना सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, परत अशी सही मारलीस तर माझ्याशी गाठ हाय. आणि हळूच विचारलं की झोप लागते का. मला रडूच आलं.

भीती तेवढीच आहे. आणखी गणितं पाठव, चुकली तरी चालतील.

उत्कर्षा

सांगली, २४ फेब्रुवारी

ती. आत्यास सा. न.

परवा मॅथ्सचा पेपर सुटल्यावर गडबडीत बोलता आलं नाही. त्या दिवशी मी वर्गात गेले, बाकावरचा नंबर बघितला आणि परत फिरले. गेटपर्यंत आले, तर समोर रसाच्या गाड्याजवळ तू! न सांगता आलेली. पदर तोंडाशी धरलेला, चेहरा पांढराफटक, माझ्यापेक्षा तूच जास्त घाबरलेली. तू मला बघितलं नाहीस. हाक मारली असती तर एक शब्द न बोलता घरी नेलं असतंस. हाक ओठावर आली होती. पण तुझ्याकडं बघून ती मारवेना. मी आत गेले.

पहिला प्रश्न पंधरा मिनिटं नुसता बघत होते. मग एक्स काढला, वाकडातिकडा. खाली दुसरी ओळ आली, मग तिसरी. शेवटचे दोन प्रश्न राहिले. पास होईन का, ठाऊक नाही.

तू गेल्यावर रसवाले कोंडीबा म्हणाले की या बाई तीन तासांत चारदा उठून स्टँडकडं निघाल्या, अन् चारी वेळा परत येऊन बसल्या.

अशीच पाठीशी राहा.
तुझी उत्कर्षा