माझा हिरवा दिवा

४ मार्च, सोमवार
आजपासून रोज लिहायचं. विभागप्रमुख महिनाअखेर निवृत्त होतायत आणि त्यांची खुर्ची माझीच. हॉस्पिटलचा सर्व्हर इतकी वर्षं कुणी सांभाळला? पेशंटची नावं, रिपोर्ट, औषधं, सगळं त्याच्या पोटात आणि त्याच्या किल्ल्या माझ्याकडे. दुसरं आहे कोण? गेल्या वर्षी आलेली ती नवी मुलगी?
सकाळी नोंदणी खिडकीवरच्या बाईंचा फोन. म्हणे सर्व्हर कनेक्शनच घेत नाही. मी सर्व्हरच्या खोलीत जाऊन त्याच मशीनवर माझं अॅडमिन लॉगिन टाकलं. क्षणात आत! बाईंना सांगितलं, सर्व्हर ठणठणीत आहे, तुमची केबल बघा.

५ मार्च
बाईंनी केबल बघितली. पुन्हा फोन. काहींना काम टाळायला निमित्तच हवं असतं.

७ मार्च, गुरुवार
एक्स-रे, रक्ततपासणी, औषधाचं काउंटर. सगळ्यांनी ठरवून फोन केले. प्रमुखपद जवळ आलं की लोकांच्या पोटात दुखतंच.
स्क्रिप्ट लिहिली. दर मिनिटाला ती माझ्या लॉगिननं सर्व्हरला विचारते, बाबा रे, कनेक्शन घेतोस ना? घेतलं की माझ्या फोनवर हिरवा दिवा. दिवसभर हिरवा. आता सगळ्यांची तोंडं बंद.

८ मार्च
तोंडं बंद झाली नाहीत. खिडकीवर एक आजोबा सकाळपासून रिपोर्टसाठी ताटकळत होते. बाई मला ओढतच घेऊन गेल्या. आजोबा म्हणाले, रिपोर्ट वेळेवर मिळाला असता तर डॉक्टरांना दाखवून झाला असता, आता ते घरी गेले. मी त्यांना हिरवा दिवा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, नीट बघितलं आणि पिशवी उचलून गेले. पटलं असावं.

११ मार्च, सोमवार
नवी मुलगी शिकवायला आली. म्हणे, सर, आपला सर्व्हर एका वेळी ठरावीक लोकांनाच आत घेतो. काउंटर वाढलेत, त्यामुळे जागा भरतात आणि बाकीच्यांना नकार जातो. थोड्या जागा अॅडमिनसाठी राखीव असतात. तुम्ही त्यातून आत जाता, म्हणून तुम्हाला नकार कधी दिसतच नाही. एकदा खिडकीवर बसून साध्या लॉगिननं बघा ना.
मी! खिडकीवर! तिला म्हटलं, मी हे काम शिकलो तेव्हा तू पाळण्यात होतीस. ती वही मिटून निघाली. मुद्दा संपला की माणूस निघतोच.
घरी जाण्यापूर्वी स्क्रिप्ट दर दहा सेकंदांवर आणली.

१४ मार्च
मीटिंग. नवी मुलगी नव्या मशीनबद्दल, काहीतरी कुठेतरी हलवण्याबद्दल बराच वेळ बोलली. मी टेबलाखाली फोनवर दिवा बघत होतो. प्रमुखांनी विचारलं, चालेल ना तुम्हाला? म्हटलं, चालेल. फालतू गोष्टींत आडवं यायचं नाही. उद्या मलाच ही माणसं चालवायची आहेत.

१८ मार्च, सोमवार
एकही तक्रार नाही!

२१ मार्च
आजही नाही. खिडकीवरच्या बाई चक्क हसल्या. सर्व्हर इतका हलका कधीच चालला नव्हता. दहा सेकंदांची कमाल.
जेवताना बायको म्हणाली, अहो, आठवडाभर तुम्हाला ऑफिसचा एकही फोन नाही, सगळं बरं आहे ना? तिला समजावलं, फोन येत नाही याचाच अर्थ काम चोख आहे. तिनं मान हलवली, पण ताट उचलताना माझ्याकडे जरा जास्तच बघत होती.
भाषण लिहायला घेतलं. नव्या मुलीचंही दोन ओळी कौतुक करीन. मन मोठं ठेवायचं.

२९ मार्च, शुक्रवार
खुर्ची तिला मिळाली.
टाळ्या वाजवल्या. न वाजवून सांगतो कुणाला? भाषण खिशातच राहिलं. डोळ्यांत पाणी येईल असं वाटलं, म्हणून सर्व्हरच्या खोलीत जाऊन बसलो. तर ती तिथेच आली, वायरमनला घेऊन. म्हणाली, सर, सगळे काउंटर दोन आठवडे नव्या मशीनवर आहेत, मीटिंगमध्ये ठरलं होतं ना. हे जुनं आज बंद करायचंय.
मी ओरडलो, बंद कसं करतेस? लोक आत काम करतायत!
तिनं स्क्रीन माझ्याकडे वळवला. आत कोण कोण आहे त्याची यादी होती. एकच नाव होतं, माझं.
वायरमन दाराशी हात चोळत उभा होता. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, सर, तुम्ही बाहेर पडलात की लगेच बंद करता येईल.
मी लॉगआउट केलं. ती थँक्यू म्हणाली.