अठरावा गुलाब

७ एप्रिल २०२०, रियाध
कालपासून चोवीस तासांचा कर्फ्यू. मॉल बंद, आमचं जोड्यांचं दुकान बंद, पगाराचं कुणी नाव काढत नाही. मला काळजी नाही. गिऱ्हाइकाच्या पायाकडे एक नजर टाकली की नंबर सांगतो, पट्टी लागत नाही. अशा माणसाला कोण काढणार?
संकल्प: पोट कमी करणे. वॉल्ट्झ शिकणे. पंचवीस तारखेला क्रिस्टेलला अठरा पूर्ण. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे अठरा पुरुष एकेक गुलाब देऊन पोरीबरोबर नाचणार आणि अठरावा गुलाब बापाचा. मी व्हिडिओ कॉलवर नाचणार. ठरलं.

९ एप्रिल
घरी व्हिडिओ कॉल लावला. डोमेंगने उचलला. क्रिस्टेलचा बाप्तिस्म्याचा धर्मपिता, माझा शाळेपासूनचा दोस्त. मार्चमध्ये आमचं छप्पर दुरुस्त करायला आला आणि तेवढ्यात तिकडे आमच्या गावी, बातांगासलाही लॉकडाऊन लागला. अडकला बिचारा. त्याचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे, पण नियम म्हणजे नियम. म्हणाला, लोइदा अंघोळीला गेलीय, आली की सांगतो. अंगात माझाच बनियन होता. मी मोठ्या मनाने काही बोललो नाही. बायको एकटी असण्यापेक्षा बरं.
खोलीतल्या आर्विनला सांगितलं. तो बराच वेळ सुकी मासळी परतत राहिला. मग म्हणाला, मेल्चोरदादा, छप्पर केवढं आहे तुमचं? त्याला बांधकामातलं काय कळणार.

१२ एप्रिल, ईस्टर
जानेवारीत पाठवलेला बॉक्स घरी पोचला. कॉर्न्ड बीफ, साबण, चॉकलेट आणि मुख्य म्हणजे क्रिस्टेलचे चंदेरी सँडल. उंच टाच, नंबर पाच. तिला विचारलंसुद्धा नाही. मागच्या खेपेला गेलो होतो तेव्हा तिचा पाय पाहिला होता, सहावीत होती ती. बापाने माप विचारायचं असतं का?
क्रिस्टेल म्हणाली, थँक्यू पापा, सुंदर आहेत, शोकेसमध्ये ठेवलेत. घालून पाहिलेस का विचारलं, तर म्हणाली, नको, खराब होतील. किती जपते माझ्या वस्तू. कॉर्न्ड बीफ डोमेंगला आवडलं म्हणे.

१५ एप्रिल
वॉल्ट्झ सुरू. पार्टनर हो म्हटलं तर आर्विन म्हणाला, त्यापेक्षा कर्फ्यू मोडून तुरुंगात जातो. उशी घेतली. पोट जरा वाढलंय. सोमवारपासून भात बंद.

१९ एप्रिल
घरात पुरुष दोनच, सासरे आणि डोमेंग. सासऱ्यांच्या गुडघ्यांना एक गाणं झेपेल. मधले सोळा गुलाब डोमेंग देणार. हाल आहेत त्याचे. मी लोइदाला बजावलं, अठरावा माझा. ती म्हणाली, कोण नेतंय तुझा गुलाब? पण नेट गेलं तर पोरगी मध्येच उभी राहील, म्हणून डोमेंगला शेजारी उभं ठेवते. किती पुढचा विचार करते ही बाई.
छप्पर अजून झालं नाही. पत्रे मिळत नाहीत म्हणे.

२१ एप्रिल
भात बंद करायचा सोमवार काल होता. लक्षातच आलं नाही. पुढच्या सोमवारी नक्की.

२३ एप्रिल
कंपनीचा मेसेज. विमानं सुरू झाली की पहिल्या खेपेला मला घरी पाठवणार, कायमचं. म्हणजे मोठ्या सन्मानाने मोकळं केलं. लोइदाला आनंदाची बातमी दिली. ती म्हणाली, इथे येऊन काय करणार तू? तिथेच दुसरं काही मिळतंय का बघ ना. विमानात संसर्ग होईल म्हणून घाबरली असणार.

२५ एप्रिल, दुपारी
आर्विनचा टाय लावला. शर्टाची खालची बटणं लागली नाहीत, पण कॅमेऱ्यात तेवढं येत नाही. तिकडे संध्याकाळ होती. आधी सासरे नाचले, मग डोमेंग, मग डोमेंग, मग पुन्हा डोमेंग. चांगला नाचतो, सराव दिसतो. माझं गाणं लागलं आणि पडदा काळा झाला. आवाज मात्र येत होता. मी थांबलो नाही. उशी छातीशी धरून सबंध गाणं नाचलो, एक पाऊल चुकलं नाही. शेवटी तिकडे टाळ्या पडल्या, बराच वेळ. आर्विन उठून बाहेर गेला. भारावला असणार.

२६ एप्रिल
क्रिस्टेलने फोटो टाकले. सगळ्यात जास्त अठराव्या गुलाबाचे. डोमेंगच्या खांद्यावर डोकं ठेवून ती रडतेय. खाली लिहिलंय, शेवटचा नाच, ज्याने मला वाढवलं त्याच्याबरोबर.
मागे केकचं टेबल. पंख्याने कागदी रुमाल उडू नयेत म्हणून त्यांच्यावर काहीतरी उपडं ठेवलंय. फोटो मोठा करून पाहिला. लोइदाचा फोन. त्यात मी नाचत होतो.
आर्विन म्हणाला, दादा, ठेवा तो मोबाईल, जेवून घ्या. मी भात घेतला. फोटो पाहत राहिलो. क्रिस्टेलच्या पायात घरातल्याच चपला आहेत.
सात नंबर. पट्टी लागली नाही.