पडद्यात मावेल एवढंच

११ मार्च, दुपार

प्रिय धाकटे,

इकडे सगळं ठीक. तुझी वहिनी ठीक, तिचा गुडघा ठीक, गुडघ्यावरचं तिचं भाषण तर ठणठणीत. फोनही केला असता. पण फोनवर तू मध्येच तोंड घालतेस आणि मी सांगायचं सोडून भांडत बसतो. म्हणून पत्र.

बातमी अशी, की मी फंक्शनं लिहायला लागलोय. हस. छापखान्यातली माझी ती शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकमांची यादी, रोजच्या अंकाची पानं गोळा करून, तपासून छपाईला धाडणारी. ती पाहून तू म्हणाली होतीस, "दादा, ही स्क्रिप्ट आहे की चादर? फंक्शनं कर, तुकडे पाड हिचे." आणि अख्ख्या कापडाला ठिगळं कशाला, म्हणून मी तुला उडवून लावलं होतं. आता एकेक काम वेगळं काढतो, त्याला नाव देतो, वर एकदाच लिहून ठेवतो आणि खाली लागेल तिथे नुसती नावाने हाक मारतो. 'तपासणी' म्हटलं की पान तपासून तयार. आपल्या घरात हाक मारल्यावर इतक्या निमूटपणे कुणी काम केल्याचं मला आठवत नाही.

आज सकाळपासून सारखा उठतोय, बसतोय. संगणकाचा पडदा पुसला, चष्मा पुसला, पुन्हा पडदा पुसला. मालक म्हणाले, "अहो, सफाईचं खातं तुमच्याकडे कधी गेलं?"

मागच्या आठवड्यात घोळ झाला. दोन फंक्शनांत मी 'फोटो' हे एकच नाव वापरलं आणि त्याआधी 'लोकल', म्हणजे हे नाव या फंक्शनापुरतंच, असं लिहायचं राहिलं. त्यामुळे एकातला फोटो दुसऱ्यात शिरला. निधनवार्तेत आजोबांच्या जागी पोहण्याची शर्यत जिंकलेला मुलगा छापून आला, गळ्यात पदक घालून. त्याच्या आईचा फोन आला, "तो समोर बसून जेवतोय हो."

'लोकल' लिहायचं असतं हे मला ठाऊक होतं, तूच शिकवलंस. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली होती. वाचली म्हणजे, तिथे काय असायला हवं ते आठवलं.

तर फंक्शनं का, ते. इथे सगळे कौतुक करतात, या वयात शिकतोय म्हणून. मीही घेतो कौतुक. खरं असं आहे, की अक्षरं इतकी मोठी करावी लागतात की पडद्यावर मोजक्याच ओळी मावतात. चादर वाचत खाली येईपर्यंत वरचं डोक्यातून जातं. छोटं फंक्शन तेवढ्यात बसतं. मधोमध एक डाग असतो, तो पडद्यावर नाही, चष्म्यावरही नाही. पुसून पाहिलं.

गुरुवारी डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय. डोळ्यांत औषध घालणार, एकटे परत जाऊ नका म्हणाल्या. वहिनीला सांगितलेलं नाही. सांगितलं, तर ती गुडघ्याबद्दल बोलायची थांबेल, आणि ते मला झेपणार नाही.

तू येशील? आधी छापखान्यात ये. राहिलेली फंक्शनं मी सांगतो, तू लिही. मग मला मोठ्याने वाचून दाखव. उद्या ही स्क्रिप्ट कुणाच्याही हाती गेली तरी चालावी. तुझ्या हाती गेली तर मला झोप लागेल.

अक्षर ओळीवरून घसरलंय, ते घाईमुळे, असं लिहिणार होतो. घाई काही नव्हती.

दारातूनच हाक मारत ये.

तुझा,
दादा