मागचा एक्सल

४ फेब्रुवारी, रविवार

प्रिय भिंगरी,

तुला, तुझ्या बायकोला आणि छकुलीला पोटभर आशीर्वाद. आम्ही तिघं धडधाकट आहोत, अप्पांचा गुडघा सोडून. तो आता घरातलं चौथं माणूस झालाय, त्याच्या मर्जीनं उठायचं आणि त्याच्या मर्जीनं बसायचं. फोनवर तू "बरं आहे, बरं आहे" म्हणतोस आणि ठेवून देतोस, म्हणून म्हटलं कागदावर बोलावं.

गेल्या महिन्यात मी तंत्रशाळेतून निवृत्त झाले. सव्वीस वर्षं मुलांना फिटिंग शिकवलं आणि निरोपाला मिळालं भिंतीवरचं घड्याळ! आता कुठंच वेळेवर पोचायचं नाही अशा बाईला घड्याळ. तुझे दाजी म्हणाले, "दुकानात लावू या का? गिऱ्हाईक कपडे मागायला आलं की काटे मागे फिरवत जाईन." त्यांचं शिवणकाम अजून तसंच आहे, आज देतो म्हणाले की चार दिवस धरून चालायचं.

दुसरी बातमी आपल्या जीपगाडीची. हो, ती आहे अजून. मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, ताडपत्री पांघरून. भंगारवाला दोनदा विचारून गेला, मी दिली नाही. गेल्या आठवड्यात वरच्या वस्तीच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई आली होती. तिला डोंगरात फिरायला गाडी हवीय, साध्या गाड्या त्या वाटेवर टिकत नाहीत. ताडपत्री काढून तिनं गाडीला चारी बाजूंनी फेरी मारली आणि विचारलं, "उलटली होती म्हणे. कशामुळे?" मी काहीतरी उत्तर दिलं. ती म्हणाली, "नीट करून देणार असाल तर घेते."

तर मी हो म्हटलंय. नुसती रंगरंगोटी करायची नाही, पुढचे-मागचे दोन्ही एक्सल काढून जड जातीचे बसवायचे. स्प्रिंगचे पाटे नवे, शॉकअप नवे. सगळं घरी, आपल्याच अंगणात. अप्पांना सांगितलं तेव्हा ते वर्तमानपत्राआडून म्हणाले, "चार वर्षांनी आठवण झाली का?" आणि पान उलटलं.

छकुलीचा फोटो पाठव. अप्पा मागत नाहीत, पण मी पोस्टमनशी बोलत असले की काठी टेकत दारापर्यंत येतात.

तुझी,
ताई

३ मार्च, रविवार

प्रिय भिंगरी,

आशीर्वाद. तुझं चार ओळींचं पत्र आलं. "गाडीबद्दल मला काही लिहू नकोस" एवढंच लिहिलंयस, पण फोटो पाठवलास. अप्पांनी तो चष्म्याच्या घरात ठेवलाय. छकुली तुझ्यासारखीच दिसते, एका जागी उभी राहायला तयार नाही. फोटोत हात हललेला आहे.

गाडीबद्दल मी लिहिणारच. रागावलास तर तेवढा भाग सोडून वाच.

गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. पाटे आवळून धरणारे जुने यू-बोल्ट गंजून इतके घट्ट बसले होते की दोन पाने वाकले, मग शेवटी कापावे लागले. दाजींना बॅटरी धरायला बसवलं होतं. ते धुळीनं शिंकायचे आणि उजेड बरोबर मला हवा तिथून उडायचा. नव्या पाट्यांची मापं घ्यायला ते स्वतःची शिवणाची टेप घेऊन आले. "छाती तेवढीच आहे, उंचीत वाढलीय," म्हणाले. खरंच वाढलीय. पुढचा एक्सल आधी बसवला, तर गाडी टाचा उंचावून भिंतीपलीकडे बघितल्यासारखी दिसते.

अप्पा पहिले दोन दिवस आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी बेअरिंगमध्ये ग्रीस भरत होते, तर खिडकीतून आवाज, "तळहातावर घे आणि दाबून भर, पोरी. लोणी नाही लावायचं." चौथ्या दिवशी खुर्चीच अंगणात आली. चाळीस वर्षं मालट्रक चालवले आणि स्वतःच दुरुस्त केले, असा माणूस खिडकीत किती दिवस बसेल? तुझं नाव मात्र काढत नाहीत.

मागचा नवा एक्सल वेगळ्या जातीचा आहे. आपल्या जुन्या एक्सलमध्ये चाकाचा सगळा भार आतल्या दांडीवर यायचा. दांडी बाहेरच्या टोकाला तुटली की चाक दांडीसकट निघून जायचं. नव्यात भार बाहेरच्या जाड नळीवर येतो, दांडी फक्त चाक फिरवते. ती तुटली तरी चाक जागेवर राहतं.

हे तुला का सांगतेय? तुला आठवत असेल, ते मोठे टायर मी बसवले होते. "दगडावर पोट घासतं" एवढंच तू म्हणाला होतास. टायर, उंच पाटे, सगळी अक्कल माझी. तेवढ्या मोठ्या टायरला तो एक्सल पुरणार नाही हे माझ्या वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. तुझ्या भाड्याच्या सवाऱ्यांचा हंगाम संपला की एक्सल बदलू, असं मी ठरवलं होतं. तुला सांगितलं नव्हतं.

एक विचारते. गाडी उलटली त्या वळणावरचं तुला नेमकं काय आठवतं? मनात येईल तसं लिही.

तुझी,
ताई

२ एप्रिल, मंगळवार

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. तू लिहिलंयस, "मी तेव्हा म्हणत होतो की आधी चाक निसटलं आणि मग गाडी कलंडली. आता खात्री नाही. सगळे म्हणतात वेगात होतो, म्हणजे असेन. आता मी सायकलसुद्धा उतारावर हातात धरून नेतो."

ती शेवटची ओळ वाचून मी भाकरी तव्यावर विसरले. दाजी धावत आले, घरभर धूर.

भिंगरी, तू वेगात नव्हतास.

आता सरळ लिहिते, नाहीतर पुन्हा ग्रीस आणि बेअरिंगमागे लपेन. अपघाताच्या आदल्या दिवशी मागच्या उजव्या चाकातून तेल पाझरत होतं म्हणून मी सील बदलायला घेतलं, आठवतं? त्यासाठी दांडी बाहेर काढावी लागली. पुसली, तेव्हा चाकाकडच्या टोकाला एक बारीक रेघ दिसली. केसाएवढी. मी तिच्यावरून नख फिरवलं आणि नख अडकलं. नख अडकलं तर तडा, नाही अडकलं तर ओरखडा, हे मी सव्वीस वर्षं मुलांना शिकवत आले. सकाळी तुझी सवारी होती. नवी दांडी मिळायला आठवडा लागला असता. मी स्वतःला म्हटलं, ओरखडाच आहे. आणि तीच दांडी परत आत सरकवली. तू आलास, विचारलंस, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं. जा बिनधास्त."

सकाळी सवारी रद्द झाली आणि अप्पा म्हणाले मलाच वरच्या वस्तीला सोड. वळणावर गाडी उलटली, अप्पांचा गुडघा गेला, पुढचं तुला ठाऊक आहे.

दवाखान्यात तू परोपरीनं सांगत होतास, आधी चाक गेलं, आधी चाक गेलं. अप्पांनी पलंगावरून सगळ्यांदेखत म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं." मी उशाशी उभी होते. तोंड उघडलं असतं तर तिथंच संपलं असतं. मी त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. नंतर गाडी ओढून घरी आणली, तेव्हा तुटलेल्या दांडीचे दोन्ही तुकडे मी काढले, तेलाच्या फडक्यात गुंडाळले आणि बाकाखाली पेटीच्या मागे सारले. तू घर सोडलंस त्या दिवशीही ते तिथंच होते. तू दारात वळून म्हणालास, "ताई, तुला तरी वाटतं का मी मुद्दाम जोरात होतो?" मी म्हटलं, "जाऊ दे रे आता." असं म्हटलं मी.

डॉक्टरीणबाईला काय उत्तर दिलं, ते पहिल्या पत्रात गाळलं होतं. म्हटलं, "चालवणाऱ्याची चूक." चार वर्षांनी, परक्या बाईसमोर, कुणी जबरदस्ती केलेली नसताना. त्या दिवसापासून मला माझ्याच आवाजाची शिसारी आली. एक्सलचं काम तिथून सुरू झालं.

आता अप्पांचं. चार दिवसांपूर्वी सकाळी ब्रेकच्या तेलातली हवा काढत होतो. अप्पा चालकाच्या जागी, चांगला पाय ब्रेकवर. मी मागच्या चाकाशी जमिनीवर, हातात नळी आणि बाटली. त्यांना मी दिसत नव्हते, मला ते दिसत नव्हते. "दाबा." "दाबला." "सोडा." "सोडला." असं चाललं होतं. तिसऱ्या चाकाला मी म्हटलं, "अप्पा, दाबून धरा आणि माझं ऐका." आणि वर लिहिलं ते सगळं सांगितलं. नख, सील, चादर, पेटी. बाटलीत बुडबुडे यायचे थांबले होते. मी स्क्रू आवळला आणि म्हटलं, "सोडा."

ते सोडेनात. बराच वेळ पाय तसाच दाबलेला.

मग म्हणाले, "चौथं चाक घे."

चौथं चाक आम्ही पूर्ण केलं. काम अर्धं टाकायचं नाही हे तर त्यांनीच आपल्याला शिकवलं. मग काठी टेकत उतरले. "दांडी आहे?"

"आहे."

"आण."

फडकं सोडून त्यांनी तुटलेलं तोंड उन्हात धरलं. अर्ध्याहून जास्त भाग काळपट, गुळगुळीत, तो जुना तडा. उरलेला खरखरीत, तो त्या दिवशी तुटलेला. त्यांनी काळ्या भागावर अंगठा फिरवला. "दीड महिन्याचा तरी आहे," म्हणाले. मग खाली बघत, "अंगण वाकडंच होतं की गं."

मी म्हटलं, "अप्पा, मला बोला काहीतरी."

"तुला काय बोलू? तू गप्प राहिलीस. मी तर बोललो." एवढंच. दोन दिवस ते खोलीबाहेर आले नाहीत, मी ताट दाराशी ठेवून येत होते. दाजींनाही सांगितलं. ते शिवणयंत्र थांबवून म्हणाले, "मला तरी सांगायचंस," आणि मग दिवसभर यंत्र सुरूच झालं नाही. डॉक्टरीणबाईलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, "गाडी आता कशी आहे?" विचारलं. मी म्हटलं, आता तुम्हीच खाली वाकून हात घालून बघा.

काल अप्पा खोलीतून बाहेर आले ते बूट घालूनच. "चल. त्या वळणावर."

मी चालवत होते, ते शेजारी, त्या दिवशी बसले होते तिथंच. पहिल्यांदा वळण सावकाश घेतलं. ते म्हणाले, "पुन्हा. त्याच्या वेगानं." घेतलं. "अजून जोरात." घेतलं. चाकाखालून दगड उडाले, पाटे खाली दबून वर आले, गाडी वाटेला धरून राहिली. तुझ्या वेगाच्या दीडपट असेल. अप्पांनी हात वर केला, मी थांबवली. त्यांनी काच खाली केली आणि वळणाखालच्या ओढ्याकडे बघितलं. मी इंजिन बंद केलं.

"चांगला चालवायचा तो," ते म्हणाले. "मी शिकवलं होतं."

येताना म्हणाले, "तू तुझं लिही. माझ्या वतीनं काही लिहू नकोस, माझं मी त्याच्यासमोर बोलेन. येऊ का, एवढं मात्र विचार."

म्हणून विचारते. गाडी महिनाअखेरीस दवाखान्याला द्यायची आहे, त्याआधी तिच्यातूनच यायचं त्यांच्या मनात आहे. दोन दिवसांचा रस्ता आहे, गुडघा आखडेल, पण ऐकत नाहीत. तू नको म्हणालास तर येणार नाही. अप्पांना बोलावलंस म्हणून मलाही बोलावलंच पाहिजे असं नाही. दाजी चालवतील. ते चाळिसाच्या वर जात नाहीत, तेव्हा दोनाचे चार दिवस धर.

मला क्षमा कर असं लिहिणार नाही. तुझ्या चार वर्षांतलं एकही वर्ष माझ्याकडे परत द्यायला नाही. वस्तीवर, बाजारात, तुझ्या जुन्या सवाऱ्यांना, ज्यांनी ज्यांनी तुला नावं ठेवली त्यांना मी एकेकाला गाठून सांगतेय. तोंडं बघण्यासारखी होतात. होऊ देत. तुला कुणाचा फोन आला तर उचल.

आणि उतारावर सायकलवर बस. आधी ब्रेक बघून घे, आणि बस.

उत्तराची घाई नाही असं लिहिलं होतं, ते खोडलं. रोज पोस्टमनच्या वेळेला दारात उभी असते.

तुझी अपराधी, पण तुझीच,
ताई