पुलाखालची दहा वल्ही

४ नोव्हेंबर १९७३, रविवार
कशेळीस गेलो. कै. सुमनच्या माघारी सासुरवाडीस प्रथमच. आजवर होडी हाकणारे तांडेल बाळाराम यांची दृष्टी अधू झाली आहे. शर्यतीच्या होडीचे सुकाणू मी धरावे, असा त्यांचा आग्रह. कॉलेजात मी ते चार वर्षे धरले, हे सुमननेच गावभर सांगितलेले. "मास्तर, आठ जन पाठ करून बसतान. फुडचं बघनारा तुमी एकलेच." होकार दिला. भिवंडीच्या घरी तरी कोण आहे.

८ नोव्हें.
पहिला सराव. माझे वजन ४९ किलो; होडीला भार नाही, तेवढ्यापुरता उपयोगी. माझ्यासमोरच्या पहिल्या वल्ह्यावर हरी, सुमनचा धाकटा भाऊ. गुडघ्याला गुडघा. तासभर तोच चेहरा. नाक सुमनचे.

१५ नोव्हें.
खाडीवरच्या पुलापर्यंत गेलो. दोन खांबांमधून जाताना वल्ह्यांपलीकडे जेमतेम हातभर पाणी उरते. ओहोटीची धार उजव्या खांबाकडे ओढते. मंडळींचा दम तुटू लागला तेव्हा ओरडलो, "दहाच वल्ही राहिली!" पंचवीस होती. सुकाणूवाल्याने असे बोलायचेच असते. किनाऱ्यावर हशा. "मास्तरांचं दहा म्हंजे आमचं शंभर!" हरी हसला नाही. दोर गुंडाळीत म्हणाला, "भावजी, ताईचं पन असंच मोजला व्हता. पंधरा दिवसांत बरी व्हईल, बोलला."

१६ नोव्हें.
शाळेत गेलो नाही. जूनमध्येच डॉक्टरांनी मला स्पष्ट कल्पना दिली होती. मी मात्र तिला, हरीला, सर्वांना पंधरा दिवस सांगत राहिलो. दर पंधरा दिवसांनी पुन्हा. तिचा धीर टिकावा म्हणून. की माझा...
शेवटच्या आठवड्यात ती दोनदा म्हणाली, हरीला बोलवा. तो धावत आला असता तर आपण जात आहोत हे तिला उमजले असते. निरोप धाडला नाही. "निघाला आहे" म्हटले. हे हरीस ठाऊक नाही.

२५ नोव्हें., रविवार
पुलाखाली आज्ञा दिली, "डावी थांबा!" डावीकडचे तिघे थांबले. हरीने आणखी एकदा ओढले, माझ्या डोळ्यांत पाहत. उजवीकडचे एक वल्हे खांबावर आपटून मोडले. कुणाचा हात गेला नाही, हे दैव. बाळाराम कडाडले, "काय रं हऱ्या, कान फुटलं का?"
"ऐकला. खरं का खोटं, ते बघत व्हतो."

१ डिसें.
तांडेलांना म्हटले, दुसरा कोणी पाहा. नाहीतर मी यापुढे खरीच वल्ही मोजीन. "खरं मोजाल तं होडी मधीच मरंल. वल्ही खोटी मोजा, मास्तर. खांब खरा सांगा." बरे, म्हणालो. हरीच्या ठायी माझे हे दोन आवाज, वल्ह्यांचा आणि खांबाचा, निराळे राहिले आहेत काय?

२ डिसें., रविवार. कशेळी, स. ९
शर्यतीचा दिवस. किनाऱ्यावर गर्दी. होडी उतरवली आहे; ओहोटी जोरात. हे तांडेलांच्या ओट्यावर लिहितो आहे. मघाशी हरी आला. प्रथमच शेजारी बसला.
"भावजी, एकच ईचारतो. ताईनं मना बोलावला व्हता का?"
आठ माणसांची पाठ खांबांकडे असणार. मी म्हणालो, पूल पार झाल्यावर सांगतो.
तो उठला.
"म्हंजे बोलावला व्हता," म्हणाला, आणि जाऊन आपल्या वल्ह्यावर बसला.
मला हाक मारत आहेत.