प्रश्न एकतिसावा

दि. ९ मार्च, बुधवार

प्रिय भाऊजी,

नमस्कार. मी ठीक आहे. तुमचा खोकला थांबला असेल अशी आशा करते. नसेल तर जाऊबाईंचं ऐका आणि एकदा डॉक्टरला दाखवून या.

तुमची चिठ्ठी मिळाली. शनिवारी सकाळी कंप्युटरवाला येणार, ह्यांचं मशीन पुसून कोरं करणार आणि छापखान्यात नेणार. पुस्तकांच्या शेवटी येणाऱ्या शब्दसूच्या ह्यांच्याऐवजी यापुढे नवी मुलगी करणार. मी आराम करायचा. चिठ्ठी चारच ओळींची होती. उत्तर तेवढ्यात मावणार नाही.

मशीन मी देणार नाही. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल.

मागच्या आठवड्यात तुम्ही त्या माणसाला घेऊन आलात. तो ह्यांच्या खुर्चीत बसला, दोन-चार कळा बडवल्या आणि ओरडला, "अहो, सेव्ह करायला गेलं तर ओळच पुसली जातेय!" तुम्ही म्हणालात, "सरळ चाललं तर तो दादा कसला!" मग ह्यांची कळांची फाइल उघडून बघून तो मला म्हणाला, "काकू, सगळ्या कळांचा बट्ट्याबोळ आहे. आणि हा प्रोग्राम आता वापरतो कोण?" मी म्हटलं, "मी." दोघंही हसलात. तुम्ही चहा संपवलात, "वहिनी, या वयात कशाला त्या भानगडीत पडता" म्हणालात आणि निघून गेलात.

मी तेव्हा गप्प बसले. का, ते पुढे लिहिते. आधी बट्ट्याबोळाचं.

ह्यांचा तो लिहिण्याचा प्रोग्राम असा आहे, की त्याची कुठलीही कळ आपल्याला हवी तशी बदलता येते. बदल कुठे आणि काय केले, ते एका फाइलीत लिहून ठेवायचं. प्रोग्राम उघडताना आधी ती फाइल वाचतो आणि मग त्याप्रमाणे वागतो. तीस वर्षं हे त्या फाइलीत काही ना काही लिहीत होते. छापखान्यातल्या लोकांसाठी ह्यांनी कधीतरी 'नेहमी विचारले जाणारे प्रश्न' असं सत्तर पानी पुस्तकही केलं होतं. तुम्ही छापलंत, मी शिवलं, आणि वाचलं कुणीच नाही. मीसुद्धा नाही. शाळा सातवीत सुटल्यावर वाचनाची चटक मला शिवायला आलेल्या फर्म्यांनीच, त्या छापील पानांच्या जुड्यांनीच लावली, हे तुम्हाला ठाऊक आहे. हाताखालून गेलेलं एकही पुस्तक मी सोडलं नाही. हे तेवढं मुद्दाम सोडलं. सवतीला कोण वाचतं?

हे गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ते कपाटातून काढलं. पहिला प्रश्न: 'यातून बाहेर कसं पडायचं?' उत्तर: 'पहिल्या दिवशी सगळे हेच विचारतात. कंट्रोल धरून एक्स, मग कंट्रोल धरून सी. पण थोडं थांबलात तर बरं.' चौथा प्रश्न: 'भलतंच काहीतरी दाबलं गेलं, आता काय?' उत्तर: 'कंट्रोल धरून जी. यंत्र शुद्धीवर येईपर्यंत दाबत राहा. लाजू नका.' नववा: 'माझ्या प्रत्येक फाइलीशेजारी तिच्याच नावाची, शेपटी लावलेली दुसरी फाइल दिसते. ही पीडा कायमची कशी घालवू?' उत्तर: 'ती तुमची मागची प्रत आहे. घालवण्याची ओळ मला येते. सांगणार नाही.'

भाऊजी, रिकाम्या घरात मी एकटी हसले. बोलणं अगदी त्यांचंच.

मग रोज सकाळी भांडी घासून झाली की पुस्तक मांडीवर घेऊन मशीनसमोर बसायचं, असं ठरवलं. एका दिवसाला एक प्रश्न. पहिल्या आठवड्यात मी कंट्रोल-जी इतक्या वेळा दाबलं की कळेवरचं अक्षर पुसलं जायचं बाकी राहिलं. पण शिकले. ओळी शोधायला शिकले, दोन पानं शेजारी शेजारी उघडून ठेवायला शिकले.

आता गप्प बसण्याचं लिहिते. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

शेवटचे बारा दिवस हे त्या मशीनसमोरून हलत नव्हते. धड बसवत नव्हतं, पाठीला उशी लावून बसायचे. मी म्हणायची, जरा पडा, माझ्याशी दोन शब्द बोला. "झालंच, एवढं होऊ दे." बाराव्या दिवशी दुपारी जेवायला तीनदा हाक मारली. तिसऱ्यांदाही "झालंच" म्हणाले, आणि मी जाऊन भिंतीतली पिन खेचून काढली.

पडदा काळा झाला. मी म्हटलं, "याच्याशीच संसार करायचा होता तर मला कशाला आणलंत?" ते रागावले नाहीत. काळ्या पडद्याकडे बघत म्हणाले, "असू दे. ते विसरणार नाही." मला वाटलं, तापात बरळताहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात नेलं. पुढचं तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तिथेच होतात.

म्हणून मी गप्प होते. तुमचा माणूस एक ओळ पुसली जाते म्हणून ओरडला, आणि सगळं तर त्याच्याआधी मीच पुसलंय, असं मला वाटत होतं.

तुम्ही दोघं गेलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी एकतिसाव्या प्रश्नाशी आले. 'लिहिता लिहिता वीज गेली. लिहिलेलं गेलं का?' उत्तर: 'नाही. थोड्या थोड्या वेळाने प्रोग्राम न सांगता एक प्रत बाजूला ठेवत असतो. पुन्हा ती फाइल उघडलीत की खालच्या पट्टीत तो तसं सांगतो. लोक खालची पट्टी वाचत नाहीत.'

मी ती बदलांची फाइल उघडली. खालच्या पट्टीत इंग्रजी ओळ आली. तुमच्या माणसानेही उघडली होती तेव्हा आली असणारच. डिक्शनरी घेऊन वाचली, पुस्तकातला हुकूम अक्षर-अक्षर लावून टाइप केला, 'खरंच?' विचारल्यावर 'हो' म्हटलं.

सेव्ह व्हायचं राहिलेलं सगळं परत आलं.

बारा दिवस ते काय करत होते, तर सगळी महत्त्वाची कामं डावीकडच्या कळांवर आणत होते. सेव्ह, परत फिरणं, सूचीसाठी शब्दावर खूण करणं, सगळं. त्यातल्या आधी सेव्ह झालेल्या थोड्या कळा तुमच्या माणसाला लागल्या; तुम्हाला बट्ट्याबोळ वाटला तो हा. वर एक टीप आहे: 'हिच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं धरायची नाहीत.' कटिंग मशीनखाली माझी ती दोन बोटं पेरापासून गेली, त्याला एकोणीस वर्षं झाली. तुम्हीच मला रिक्षात घातलं होतंत. त्या बारा दिवसांत त्यांनी स्वतःसाठी एकही कळ बदललेली नाही, भाऊजी. स्वतःला ती लागणार नाही हे त्यांना कळलं होतं. ते माझ्याशी बोलत नव्हते असं मला वाटलं. ते माझ्याशीच बोलत होते, आणि मी पिन काढली.

शेवटची ओळ अर्धीच आहे. अर्धविरामाने सुरू होणारी ओळ यंत्र वाचत नाही, ती फक्त माणसासाठी असते, असं बारावं उत्तर सांगतं. ही तशीच ओळ आहे: 'हिला विचारायचं:' आणि पुढे काही नाही.

काय विचारायचं होतं, ते कुठल्याही हुकुमाने परत येत नाही. सगळे करून पाहिले.

तेव्हा आता ऐका. सोबत त्या नद्यांवरच्या पुलांच्या पुस्तकाची सूची पाठवते आहे. फर्मे ह्यांच्या टेबलावर पडले होते, मला कुणी सांगितलं नव्हतं. पुस्तक चारशे बारा पानांचं, सूची मी एकटीने, याच मशीनवर केली. कुठलंही पान उघडा, कुठलाही शब्द ताडून बघा. नव्या मुलीलाही दाखवा. चूक सापडली तर मशीन माझ्या हाताने पुसून तुमच्या दारात आणून ठेवते. नाही सापडली तर आराम हा शब्द माझ्यासमोर पुन्हा काढू नका. मुलीला शिकायचं असेल तर पाठवा. सत्तर पानं तिलाही शिवून देईन.

शनिवारी माणूस पाठवायचाच असेल तर पुढच्या पुस्तकाचे फर्मे देऊन पाठवा. चहा मिळेल. खुर्ची मिळणार नाही.

त्या अर्ध्या ओळीखाली मी रोज सकाळी अर्धविराम टाकून एक उत्तर लिहिते. 'नाही, बोटं दुखत नाहीत.' 'हो, जमतंय.' एकदा नुसतं 'चुकले' लिहिलं. आज लिहिलंय, 'भाऊजींना कळवलं.' उद्याचं उत्तर तुमच्या उत्तरावर ठरेल. पण लिहिणार मी इथेच बसून.

तुमची वहिनी,
आणि हे पत्रही त्याच मशीनवर लिहिणारी,
तुमच्या छापखान्याची सूचीकार